पॉइंट गार्ड

बास्केटबॉल या खेळात संघाची चढाई रचणाऱ्या खेळाडूचे स्थान. पाच जणांच्या संघात दोन गार्ड, दोन फॉरवर्ड व एक सेंटर अशी रूढ विभागणी असून, गार्डांपैकी जो चेंडूचे टप्पे पाडीत तो प्रतिपक्षाच्या अर्ध्यात नेतो व कोणती चाल खेळावयाची हे ठरवितो, तो पॉइंट गार्ड होय. प्रशिक्षक त्याला नुसते ‘एक’ असेही संबोधतात. चढाईच्या रचनेत टोपलीसमोरील, तिच्यापासून दूरच्या टोकाला पॉइंट म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. खेळाच्या नियमावलीत मात्र या स्थानाचा उल्लेख नाही. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला हातमोजे वापरण्याची मुभा नियमानेच दिलेली असते. पॉइंट गार्डला असा कोणताही खास अधिकार नाही. यामुळे त्याची व्याख्या खेळाच्या इतिहासात शोधावी लागते.

जेम्स नेस्मिथ (१८६१–१९३९) यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड (मॅसॅचूसेट्स) येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा चेंडू घेऊन धावण्यास बंदी होती. तो पकडल्या जागेवरूनच फेकावा लागे. गार्ड हा शब्दशः रक्षक होता व आपली टोपली राखणे हे त्याचे मुख्य काम. पुढे टप्पे पाडीत चेंडू नेण्याची रीत रूढ झाली, तरीही प्रत्येक गोलानंतर मध्यवर्तुळात चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू होत असल्याने उंच सेंटरचे महत्त्व कायम राहिले. १९३२ मध्ये अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेण्याचे बंधन आले आणि १९३७ मध्ये गोलानंतरची मध्यवर्तुळातील उडी रद्द झाली. आता गोल खाणाऱ्या संघाला आपल्या अंत्यरेषेपासून, प्रतिपक्षाचा अडथळा चुकवीत, ठराविक वेळात चेंडू पुढे न्यावा लागू लागला. या कामास चपळ व चेंडूवर हुकमत असलेला माणूस हवा होता. पॉइंट गार्डचा उगम या दोन नियमबदलांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

या स्थानाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती बॉस्टन सेल्टिक्स संघाच्या बॉब कूझी याने. १·८५ मी. उंचीचा हा खेळाडू पाठीमागून टप्पा पाडणे, न पाहता चेंडू देणे यांसारख्या करामतींबद्दल प्रसिद्ध होता. २१ मार्च १९५३ रोजी सिरॅक्यूसविरुद्ध चार जादा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात त्याने ५० गुण केले. त्यांतील ३० मुक्त फेकींचे होते. चेंडू हाती राखणाऱ्यास अडविण्याचा उपाय म्हणजे नियमभंग करणे हाच उरला होता, हे या आकड्यावरून दिसते. १९५४ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने (एनबीए) २४ सेकंदांत फेक करण्याचा नियम केला व चेंडू दाबून ठेवण्याचा डाव संपला. यामुळे कूझीसारख्यांचे महत्त्व कमी होईल असे वाटण्याजोगे होते, घडले उलटेच. वेळ मोजका झाल्याने त्वरित निर्णय घेणारा अधिकच आवश्यक ठरला. १९५२–५३ पासून सलग आठ हंगाम असिस्टमध्ये, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलास थेट कारण झालेल्या पासांमध्ये, कूझी अग्रस्थानी होता. मात्र असिस्ट कशास म्हणावे हे गुणलेखकाच्या मतावर बरेचसे अवलंबून असते, हे विसरता येत नाही.

उंच माणसांच्या या खेळात पॉइंट गार्ड हे बुटक्या खेळाडूचे हक्काचे स्थान झाले. १·६० मी. उंचीचा मग्सी बोग्स १९८७ पासून चौदा हंगाम एनबीएमध्ये टिकला, तो याच स्थानामुळे. यूटा जॅझच्या जॉन स्टॉकटनने (कारकीर्द १९८४–२००३) १५,८०६ असिस्ट व ३,२६५ चेंडूहरणांचे विक्रम केले. सहकारी कार्ल मलोन प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आड उभा राही व लगेच टोपलीकडे वळे आणि स्टॉकटन त्याला अचूक पास देई. हीच एक चाल दोघे वर्षानुवर्षे खेळले. ती सर्वांना ठाऊक होती, तरी थोपविणे कठीणच गेले.

हा हक्क मात्र निर्वेध नव्हता. १·९६ मी. उंचीच्या ऑस्कर रॉबर्टसनने १९६१–६२ च्या हंगामात सरासरी ३०·८ गुण, १२·५ रिबाउंड व ११·४ असिस्ट नोंदविले. १९७९ मध्ये लॉस अँजेल्स लेकर्समध्ये आलेला मॅजिक जॉन्सन तर २·०६ मी. उंच होता. १६ मे १९८० रोजी अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात जायबंदी करीम अब्दुल-जब्बारऐवजी तो सेंटर म्हणून उतरला व ४२ गुण करून त्याने विजेतेपद मिळवून दिले. सेंटरचे काम करू शकणारा पॉइंट गार्ड असेल, तर स्थान म्हणजे शरीर की काम, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

२००४–०५ पासून हाताने रोखून धरण्याच्या बचावाविरुद्धचा नियम कडकपणे अंमलात आला आणि वेगवान गार्डांना मोकळीक मिळाली. २००५ व २००६ मध्ये कॅनडाचा स्टीव्ह नॅश सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्यानंतर स्टीफन करीने २०१५–१६ मध्ये तीन गुणांचे ४०२ गोल करून पॉइंट गार्डच्या कल्पनेलाच वळण दिले. तो पुष्कळदा चेंडू सोडून देतो व बचावपटूंना मागे धावावयास लावून मोकळी जागा निर्माण करतो. त्या हंगामात संघात असिस्टची सर्वाधिक सरासरी फॉरवर्ड ड्रेमंड ग्रीनची होती, करीची नव्हे. जाणकारांनी करीला ‘खरा’ पॉइंट गार्ड मानण्याविषयी घेतलेले आक्षेप कूझीच्या मापाने त्याला मोजल्यामुळे उद्‌भवले. हे माप जुने झाले आहे.

२०२४–२५ मध्ये सर्बियाचा सेंटर निकोला योकिच याने सरासरी १०·२ असिस्ट दिले. तत्पूर्वी, २०२३–२४ पासून, एनबीएने हंगामाचे सर्वोत्तम संघ निवडताना गार्ड, फॉरवर्ड, सेंटर ही विभागणी सोडून दिली. तथापि योकिचच्या डेन्व्हर संघातही, प्रतिपक्षाने दबाव आणला असता, अंत्यरेषेपासून चेंडू पुढे आणण्याचे काम बहुधा जमाल मरे हा गार्डच करीत आला आहे. आता त्यासाठी दहाऐवजी आठच सेकंद मिळतात.