माकडताप : दोष माकडाचा नव्हे

हुमच्याच्या पद्मावतीमातेच्या दर्शनाला आपल्या बेळगाव भागातल्या बायका वर्षानुवर्षं जातात. त्याच शिवमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यात, क्यासनूरचं जंगल आहे. 1957 साली त्या रानात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांत माणसं तापाने अंथरुणाला खिळली. एकाएकी कडक ताप, असह्य डोकेदुखी, अंग ठेचल्यासारखं दुखणं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त.

पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली माणसं तिथे पोचली. पहिली शंका पीतज्वराची आली. दक्षिण अमेरिकेत तो माकडांनाही मारतो, माणसांनाही. पण आशियात तो कधी आलेला नव्हता, म्हणून धास्ती मोठी. तपासात निघाला तो नवाच विषाणू, रशियातल्या गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या गोतातला. जंगलाचंच नाव त्याला मिळालं.

तो पसरवते गोचीड. रानातल्या उंदीर-घुशींच्या आणि माकडांच्या अंगावर ती जगते. आजारी माकड मेलं, की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच पाचोळ्यात उतरतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चिकटतात. जंगल तोडून शेती वाढली, गुरं रानात चरायला जाऊ लागली. गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या, वाढल्या. म्हणजे माकडाने आपल्याला ताप दिला म्हणायचं, तर आधी त्याच्या घरात शिरलं कोण? ते बिचारं आपल्याआधी मरतं आणि मरताना आपल्याला सावध करून जातं. माकडताप म्हणून त्याच्यामागे दगड घेऊन धावणं हा नुसता अज्ञानाचा हिंसाचार.

हे दुखणं आता लांबचं राहिलेलं नाही. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, 2016 मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात ते आलं. सत्तरी म्हणजे चोर्ला घाटाखाली, आपल्या खानापूरला लागूनच. थंडी सुरू झाल्यापासून मेपर्यंत त्याचा मोसम, आणि काजू गोळा करायचा मोसमही त्यातच. काजू वेचणाऱ्या, जळण आणि पाचोळा आणणाऱ्या बायकाच तिथे वाकलेल्या असतात. लागण झालेल्यांपैकी शंभरात तीन ते पाच जण दगावतात.

याच्यावर हमखास औषध नाही. वेळेवर दवाखाना, पाणी, विश्रांती, रक्तस्रावावर लक्ष, एवढाच आधार. ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावं. अंगभर कपडे घालावेत, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी, कपडे धुवावेत, अंगावर गोचीड आहे का बघावं.

आपल्या मुनींना ईर्यासमिती सांगितली आहे : पाऊल टाकायचं ते पुढची जमीन पाहून, जीव जपून. रानात जाणाऱ्या बाईला तोच नियम तिचा स्वतःचा जीवही राखायला उपयोगी पडतो. जपायचे जीव दोन्हीकडचे आहेत.