लाइक्स आणि र. धों. कर्वे

परवा नात रडवेली होऊन बसली होती. का, तर तिच्या नाचाच्या रीलला मैत्रिणीपेक्षा कमी लाइक्स मिळाले! "आजी, सध्या जे चालतं तेच तर केलं होतं गं," म्हणाली. मी उपदेशाला तोंड उघडलं आणि गप्प बसले. मला एकदम र. धों. कर्वे आठवले.

महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. ज्या विषयाचं नाव चारचौघांत घ्यायची चोरी, त्यावर हा माणूस उघड बोलत होता, लिहीत होता. त्यापायी प्राध्यापकी गेली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, पण निकाल विरुद्धच गेला.

थोडं गुळमुळीत लिहिलं असतं, तर वडिलांच्या नावावरही मानमरातब मिळाला असता. पण पत्नी मालतीबाईंच्या साथीने, तोटा सोसून, त्यांनी मासिक तब्बल २६ वर्षं चालवलं. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले आणि मासिकही थांबलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला होता. आयुष्यभर ज्यासाठी शिव्या खाल्ल्या, तेच देशाचं धोरण झालं!

आता माझं सांगते. १९८५ च्या सुमारास नववीच्या वर्गात धडा महर्षी कर्व्यांवर चालला होता. एका मुलाने विचारलं, "बाई, र. धों. कर्वे कोण?" मला सगळं ठाऊक होतं. पण पालक काय म्हणतील, मुख्याध्यापक काय म्हणतील... आणि मुख्य म्हणजे मी 'मुलांची आवडती बाई' होते! "महर्षींचे चिरंजीव," एवढंच बोलून मी फळ्याकडे वळले.

तेव्हा लाइक्स नव्हते, पण मोजत मीही होतेच की. नातीला काय बोलणार?

असो. तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. चुकून हे वाचत असलास तर बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहिलं आहे. उशीर झाला खरा.