कोकणच्या वाटेवरील कुटुंबाची मोटार : फियाट, अँबॅसडर आणि तुलनेची भाषा

मोटारगाड्यांची तुलना करताना इंधनाचा खर्च, सोयी आणि भरवसा हे तीन निकष आज सर्वत्र गृहीत धरले जातात. हे निकष म्हणजे गाडीच्या अंगचे गुणधर्म होत, ते कोष्टकात मांडले की निवाडा आपोआप होतो, अशी समजूत त्यामागे असते. रत्नागिरीकडील मोटारवापराचा स्वातंत्र्योत्तर इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. येथे निकषांचा क्रम काळानुसार बदलत गेला. आणि प्रत्येक निकषाचा अर्थ वाट, ऋतू, कारखान्याचे अंतर व सरकारी नियंत्रण यांनी ठरविला. परवाना-काळात ग्राहकास निवडच नव्हती, हे वारंवार केले जाणारे विधानही या दृष्टीने तपासून पाहणे अवश्य आहे. निवड अरुंद होती हे खरे. तथापि अरुंद निवडीमुळे तुलना थांबली नाही. उलट ती अधिक बारकाईने होऊ लागली, अशी साक्ष मराठी बोलव्यवहार देतो.

प्रथम गाड्यांची वंशावळ थोडक्यात पाहावी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या प्रारंभी अमेरिकन क्रायस्लर घराण्यातील होत्या. पुढे इटलीतील फियाटशी सहकार्य झाले आणि १९५० च्या दशकात ‘फियाट ११००’ ही गाडी मुंबईची झाली. दुसरीकडे बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने १९४२ मध्ये ओखा बंदरात आरंभ करून १९४८ मध्ये बंगालातील उत्तरपाडा येथे स्थलांतर केले. ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरून तेथे १९५४ मध्ये ‘लँडमास्टर’ व १९५७ मध्ये ‘अँबॅसडर’ तयार झाली. तिसरी म्हणजे मद्रासची ‘स्टँडर्ड हेराल्ड’. ती १९६१ मध्ये आली. कोकणात तिचे महत्त्व गौण असल्याने तिचा विचार पुढे ओघाने येईल.

या तिघींपुरतेच क्षेत्र का उरले, याचे कारण धोरणात आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत परदेशी भागांची जुळणी करून गाड्या विकल्या होत्या. परंतु १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने केलेली शिफारस अशी होती, की ज्यांच्यापाशी देशातच उत्पादन करण्याची योजना आहे त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी यानंतर काढता पाय घेतला. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आले. १९६९ मध्ये किमतीही कायद्याने बांधल्या गेल्या आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९७१ मध्ये त्यावर निर्णय झाला. गाडी नोंदवावयाची आणि वर्षानुवर्षे पाळीची वाट पाहावयाची, हा त्या काळचा शिरस्ता होता. पैसे गुंतवून जो इतका काळ थांबतो, तो गाडी पारखूनच नोंदवील हे उघड आहे. चुकीची निवड झाली तर पुन्हा रांगेच्या शेपटास उभे राहणे त्यास परवडणारे नव्हते.

येथे ‘मध्यम’ या विशेषणाविषयी एक खुलासा करावयास हवा. डॉज आणि प्लिमथ यांच्या शेजारी फियाट ११०० ही लहान गाडी ठरे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तीच फियाट, जिचे नाव तोवर ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले होते, लोकांच्या नजरेत एकाएकी मोठी दिसू लागली. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान गाडीची व्याख्या अबकारी करासाठी निश्चित केली : लांबी ४ मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १२०० घनसेंटिमीटरपर्यंत. पद्मिनीची लांबी ४ मीटरच्या किंचित आत व इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे होते. म्हणजे या व्याख्येनुसार ती लहानच. सुमारे ४.३ मीटर लांबीची, १४८९ घनसेंटिमीटरची अँबॅसडर मात्र व्याख्येबाहेर राहते. प्रवर्ग हा असा शेजारावर अवलंबून असतो. कुटुंबाची, चार दारांची, मागे सामानाचा कप्पा असलेली गाडी, एवढाच अर्थ या लेखापुरता घेतला आहे.

आता वाट. मुंबईहून रत्नागिरीस मोटारीने येणाऱ्यास महाड-पोलादपूर सोडल्यावर कशेडीचा घाट लागतो. पुढे खेडपाशी भोस्त्याचा, चिपळूणच्या अलीकडे परशुरामाचा, आणि अखेर हातखंब्यास महामार्ग सोडून शहराकडे वळावयाचे. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. देशावर जावयाचे तर कराडकडे कुंभार्लीचा आणि कोल्हापूरकडे आंबा घाट. कोकण रेल्वे येईपर्यंत रत्नागिरी शहरास रेल्वेचा पर्याय नव्हता. अशा प्रदेशात गाडीची परीक्षा घाटात होई आणि तीही विशिष्ट रीतीने. फियाट व अँबॅसडर या दोहोंतही दीर्घकाळ पहिल्या गिअरला सिंक्रोमेशची सोय नव्हती. सपाटीवर हे जाणवत नाही, कारण पहिला गिअर गाडी उभी असतानाच पडतो. परंतु तीव्र वळणावर समोरून मालमोटार आली, वेग मोडला आणि चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यावे लागले, की चालकाला क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाची गती वाढवून गिअर बसवावा लागे. न साधल्यास दात करकरत. ‘गाडी चढ चांगला घेते’ या प्रशंसेत इंजिनाच्या शक्तीइतकाच चालकाच्या या हातोटीचाही वाटा असे, हे कोणत्याही कोष्टकात आले नसते.

इंधनाच्या निकषाकडे वळले असता भाषेची साक्ष अधिक बोलकी होते. इंग्रजीत ‘सरासरी’ असा सामान्य अर्थ असलेला ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द मराठीत प्रायः एकाच वस्तूचे नाव बनला : एका लिटरात गाडी जाते ते अंतर. हा अर्थसंकोच अर्थपूर्ण आहे. मुंबई-रत्नागिरी वाटेवर पनवेल-महाडच्या सपाटीवरचा आकडा एक, कशेडीतला दुसरा. जाताना गाडी माणसांनी भरलेली, येताना त्यात आंब्याच्या पेट्यांची भर. यांतून जो काही एकच आकडा हाती लागतो तो सरासरीचाच असणार, आणि शब्दाने ती जाणीव जपून ठेवली. (बहुतेक व्युत्पत्तिकार या शब्दाचे मूळ भूमध्य समुद्रावरील व्यापारात शोधतात : जहाजातील मालाची हानी झाली असता ती सर्व भागीदारांत वाटून घेण्याची पद्धत. बंदरांच्या या जिल्ह्यात तो शब्द मोटारीतून यावा, ही गंमतच.)

त्याहून लक्षणीय आहे ते क्रियापद. ‘गाडी किती देते?’ असा प्रश्न केला जातो. म्हैस किती दूध देते किंवा माड वर्षाला किती नारळ देतो, असे विचारावे तसा. येथे गाडी ही उत्पन्न देणारी वस्तू मानली जाते. मन विटले की क्रियापद पालटते : ‘ही फार पेट्रोल खाते.’ युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागते असे मोजतात, म्हणजे ते माप खाण्याचे. भारतातील माप देण्याचे. १९५६ च्या कायद्यानुसार मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने रूढ झाली, तेव्हा मैल व गॅलन जाऊन किलोमीटर व लिटर आले. ३५ मैलांचा गॅलन म्हणजे लिटरला सुमारे १२.४ किलोमीटर. आकडा एकतृतीयांशाच्या आसपास उतरला. तुलनेची रीत आणि क्रियापद मात्र तसेच राहिले.

प्रत्यक्षात फियाट साधारणपणे लिटरला १२ किलोमीटरच्या आसपास व अँबॅसडर ९ च्या आसपास देते, असा सर्वसाधारण अनुभव असे. एवढ्यावरून फियाट श्रेष्ठ ठरावी. परंतु कुटुंबाचा हिशेब निराळा होता. अँबॅसडरमध्ये पुढच्या सलग बाकावर तीन आणि मागे चार अशी सात माणसे बसत; फियाटमध्ये पाच बसली की ती भरली. पाच माणसे १२ किलोमीटर म्हणजे ६० प्रवासी-किलोमीटर, सात माणसे ९ किलोमीटर म्हणजे ६३. गणपतीस गावी निघालेल्या एकत्र कुटुंबास अँबॅसडर महाग नव्हती. एकट्याने रुग्ण पाहावयास जाणाऱ्या डॉक्टरास ती महाग होती. टाकीचेही असेच. फियाटची टाकी ३८ लिटरची, अँबॅसडरची सुमारे ५४ लिटरची. म्हणजे एका भरतीत अनुक्रमे ४५६ व ४८६ किलोमीटर. मुंबईत टाकी भरली की दोन्ही गाड्या वाटेत पंप न शोधता रत्नागिरी गाठत. पंप विरळ असण्याच्या काळात हा गुण लिटरच्या हिशेबाहून मोठा होता.

भरवशाचा निकष सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण या एका शब्दात दोन वेगळ्या कल्पना मिसळतात : गाडी बिघडू नये ही एक, आणि बिघडली तर दुरुस्त व्हावी ही दुसरी. कोकणात मुंबईकरांची गाडी प्रामुख्याने दोन ऋतूंत येई. मे महिन्यात घाट चढताना इंजिन तापे, पेट्रोलची वाफ पंपात व नळीत अडके आणि गाडी मध्येच बंद पडे. मग पंपावर ओले फडके ठेवून, बॉनेट उघडून, वाट पाहावयाची. गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे पाऊस चालू असता; तेव्हा डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल शिरे आणि ठिणगी पडेनाशी होई. हे दोष दोन्ही गाड्यांत होते. म्हणून पहिल्या अर्थाने भरवशाची म्हणावी अशी गाडीच बाजारात नव्हती, आणि सारी तुलना दुसऱ्या अर्थावर येऊन ठेपली. ओले फडके, सुका कपडा, पाना आणि पक्कड यांनी ज्या गाडीचे काम वाटेतच होते ती ‘खात्रीची’. आजचा ग्राहक ज्यास दोष म्हणेल त्या गोष्टी या विशेषणाच्या आड येत नसत.

दुसऱ्या अर्थाचा भरवसा सुट्या भागांवर अवलंबून असतो आणि येथे भूगोल निर्णायक ठरला. फियाटचा कारखाना कुर्ल्यास. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत तिचेच प्राबल्य. त्यामुळे तिचे नवेजुने भाग व कारागीर मुंबईत विपुल. कलकत्त्यास टॅक्सी अँबॅसडर आणि मुंबईस फियाट, ही विभागणी गाड्यांच्या गुणांपेक्षा कारखान्यांच्या ठिकाणाशी अधिक जुळते. रत्नागिरीचा मुंबईशी असलेला चाकरमान्यांचा जुना संबंध पाहता फियाटचा भाग एस.टी.ने वा कोणा गाववाल्याच्या हाती मागविणे सोपे होते, असे अनुमान काढावयास हरकत नाही. अँबॅसडरची बाजू दुसऱ्या मार्गाने सावरली गेली. ती सरकारी गाडी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी तिची देखभाल करणारे हात असणे क्रमप्राप्त होते. मोठ्या कामासाठी आंबा घाटापलीकडे कोल्हापूरचे उद्यमनगर होते. ऑइल इंजिने घडविणाऱ्या त्या गावास अँबॅसडरचे साधे, जाड घडणीचे इंजिन परके वाटण्याचे कारण नव्हते. हेराल्ड या दोहोंच्या कचाट्यात सापडली. ती फारच थोड्या जागेत वळे, हा गुण घाटात मोलाचा. परंतु मद्रास दूर, भाग दुर्मीळ. पुस्तकी तुलनेत ती वरच्या क्रमांकावर येऊ शकली असती.

करारसमाप्तीनंतर फियाटचे नाव १९७० च्या दशकात प्रथम ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व नंतर ‘पद्मिनी’ झाले, तरी बोलण्यात ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. भाग तेच, कारागीर तेच, तर नाव का बदलावे, असाच लोकांचा न्याय दिसतो.

सोयींविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, आणि तेच सांगण्यासारखे आहे. या काळातील सोयींची नावे जुनी व मोजकी. ‘डिकी’ हा मूळचा जुन्या मोटारींतील मागच्या उघड्या आसनाचा शब्द. तो भारतात सामानाच्या कप्प्यास लागला. ‘स्टेपनी’ हे वेल्समधील एका व्यापारी चाकाचे नाव. ते येथे जादा चाकाचे सामान्यनाम झाले. टपावरचे कॅरिअर ही खरी कोकणी सोय, आणि ती गाडीबरोबर येत नसे, वेगळी बसवून घ्यावी लागे.

क्रम पालटला तो पुढे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अ‍ॅव्हरेज पहिल्या स्थानी आले आणि १९८० मधील डिझेल अँबॅसडरने स्वस्त इंधनाच्या जोरावर, घाटात रेंगाळत का होईना, भाड्याच्या धंद्यात जागा मिळविली. १९८५ ची ‘प्रीमियर ११८ एनई’, १९९० ची ‘मारुती १०००’ आणि, १९९३ मध्ये परवाना हटल्यावर, सिएलो, एस्कॉर्ट व १९९८ ची होंडा सिटी यांनी ‘मिडसाइज’ हा शब्द रूढ केला. वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग यांची यादी वाढत गेली. भरवसा या शब्दाचा दुसरा अर्थ लोपून पहिलाच उरला. कारण नव्या गाड्यांत वाटेतल्या कारागिराने हात घालण्यासारखे थोडेच राहिले होते. पद्मिनीचे उत्पादन शतकाच्या अखेरीस संपले, अँबॅसडरचे मे २०१४ मध्ये; मुंबईची अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

इंधनाचे प्रमाणित आकडे आता पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रयोगशाळेतून देते. गाडी रोलरांवर ठरावीक वेगक्रमाने चालविली जाते आणि बाहेर पडणाऱ्या वायूंवरून इंधनाचा हिशेब होतो. सर्व गाड्यांस एकच कसोटी लागते, हा या पद्धतीचा मोठा गुण. मराठी ग्राहक मात्र अजूनही दोन आकडे विचारतो : कंपनी किती सांगते, आणि प्रत्यक्षात किती देते. भारतीय कसोटीच्या दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या वेगक्रमात कमाल वेग ताशी ९० किलोमीटरचा आहे. चढ त्यात नाही.