एक कण, शंभर वर्षांची वाट : अवकाशातले महाऊर्जा कण पकडतात कसे?

उद्यमबाग, प्रतिनिधी : अवकाशातून विद्युतभारित कणांचा मारा पृथ्वीवर सतत चालू असतो. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. नाव किरणांचं असलं तरी हे बहुतेक प्रोटॉन आणि अणूंची केंद्रकं. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून वर जाऊन त्यांचा शोध लावला.

त्यातले मोजके कण कमालीचे ताकदवान असतात. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटामध्ये नोंद झालेल्या एका कणाची ऊर्जा ताशी ९० किलोमीटरने येणाऱ्या क्रिकेट बॉलएवढी भरली. अणूहून कितीतरी लहान कण आणि एवढा जोर!

अडचण कुठे?
असे कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत साधारण एक येतो. एखाद्या शेडच्या छपरावर यंत्र लावून बसलं तर पिढ्यान्‌पिढ्या जातील.

मग पकडतात कसे?
मूळ कण जमिनीपर्यंत पोचतच नाही. वर हवेतल्या अणूवर आदळून तो फुटतो, तुकडे पुढच्या अणूंवर आदळतात आणि खाली अब्जावधी कणांची सर येते. सर कशी वाढते याचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडलं. जमिनीवर अंतराअंतरावर यंत्रं ठेवतात. कुठल्या यंत्राला कण आधी लागले यावरून दिशा कळते, किती लागले यावरून ऊर्जा.

आपल्याकडे उटी
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'ग्रेप्स-३' प्रयोग उटीला सुमारे २२०० मीटर उंचीवर आहे. तिथे एकेक चौरस मीटरची सुमारे ४०० यंत्रं आठ-आठ मीटरवर मांडली आहेत. शिवाय काँक्रीटच्या थराखाली सहा मीटर लांबीच्या चौकोनी लोखंडी नळ्या आहेत. नळीत गॅस आणि मधोमध बारीक तार. कण आतून गेला की तारेवर विजेचा ठोका उमटतो. फौंड्री-लेथवर काम करणाऱ्याला हे लगेच समजेल : नळी गळली की मोजमाप गेलं. याच नळ्यांनी १ डिसेंबर २०१४ च्या वादळी ढगातला १.३ अब्ज व्होल्टचा विद्युतदाब मोजून दिला.

सर्वांत मोठे कण
त्यांच्यासाठी मात्र उटीचं आवार पुरत नाही. अर्जेंटिनातली पिएर ऑजे वेधशाळा सुमारे ३००० चौरस किलोमीटरवर पसरली आहे, म्हणजे गोव्याहून थोडी लहान. तिथे दीड-दीड किलोमीटरवर पाण्याच्या सोळाशेहून जास्त टाक्या आहेत. हे महाऊर्जा कण आपल्या आकाशगंगेच्या बाहेरून येतात, असा पुरावा या वेधशाळेने २०१७ साली दिला. नेमके कुठून, ते अजून कुणालाच सांगता आलेलं नाही. २७ मे २०२१ रोजी युटात नोंदलेला 'अमातेरासू' कण तर जवळपास रिकाम्या दिसणाऱ्या दिशेने आला होता.