कोरडवाहूची ‘मुंबई पद्धत’

सोलापूर-विजापूरकडच्या खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरतात ती पावसाळा सरत आल्यावर. पुढे आभाळाकडून फारशी आशा नसते. कणीस भरतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. त्यामुळे तिथल्या शेतीसंशोधनाला पहिल्यापासून एकच घोर: पडलेलं पाणी रानातच कसं थांबवायचं?

या कामाला पद्धतशीर सुरुवात झाली ती 1923 मध्ये, पुण्याजवळ मांजरीला, व्ही. ए. ताम्हणे यांच्या हातून. एन. व्ही. कानिटकरांनी ते पुढे नेलं. 1933 ते 1935 या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रं उभी राहिली. सोलापूरच्या केंद्रात उतारावर पट्टे आखून पावसाबरोबर किती पाणी आणि किती माती वाहून जाते, याची मोजणी झाली. आपल्याकडे या मोजणीला फार मोल आहे. शेतकऱ्याला ओढ्याचा गढूळ लोंढा दिसत होताच. आता त्यातली माती तोलून दाखवता येऊ लागली.

या खटाटोपातून मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत आकाराला आली. शेताला बांध घालायचे, ठरावीक वर्षांनी खोल नांगरट करायची, शेणखत द्यायचं, बी कमी टाकून दोन ओळींत अंतर वाढवायचं आणि उभ्या पिकात कोळपण्या करायच्या. यातलं काहीच आकाशातून पडलेलं नव्हतं. ताली घालणं, कुळवणं, कोळपणं या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. संशोधकांनी ते तपासलं आणि एकत्र बांधलं, हे त्यांचं मोठेपण.

पण गावोगाव पोचला तो मुख्यतः बांध. 1942 मध्ये मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि बांधबंदिस्ती सरकारी काम बनली. दुष्काळात हाताला काम देण्यासाठीही ती सोयीची होती. कमी बियाण्याचा आणि कोळपणीचा सल्ला मात्र मजुरांच्या हजेरीपटावर मांडता येत नाही, त्यामुळे तो मागे पडला, असं मला वाटतं. शिवाय खोल काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं. समपातळी बांधाच्या पोटाशी ते तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, कधी बांधच फुटायचा. सगळी पद्धत पाळूनही उत्पन्नात वाढ झाली ती 15 ते 20 टक्क्यांचीच, आणि मूळ उतारा होता हेक्टरी जेमतेम 200 ते 400 किलो.

1970 मध्ये कॅनडाच्या सहकार्यानं अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि सोलापूर त्याचं एक केंद्र बनलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली तिथे पुढे ज्याचा पाठपुरावा झाला, तो ‘बंदिस्त वाफा’ मला या कुळातला सर्वांत गुणी वंशज वाटतो. खरिपात रान मोकळं असताना सारायंत्रानं साधारण 10 बाय 10 मीटरचे वाफे पाडायचे. पाऊस ज्याच्या त्याच्या चौकटीत मुरतो, एका कोपऱ्यात तुंबत नाही. पेरणीच्या वेळी वरंबे मोडले तरी चालतात, कारण तोवर ओल खाली गेलेली असते. यासाठी ना कायदा लागतो ना कंत्राटदार.

मग कोळपणी. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीच्या कोळप्यानं, पाच आठवड्यांनी अखंड पासेच्या आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं. तिसऱ्या पाळीला तण फारसं नसतं. तोवर भुई भेगाळू लागलेली असते. दाते वरची माती मोकळी करतात, ती भेगांत पडते आणि त्या वाटेनं उडून जाणारी ओल मुळांशी राहते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते याच अर्थानं.

आता बैलजोड्या कमी झाल्या आहेत आणि आठ आठवड्यांच्या उंच ज्वारीत ट्रॅक्टर घालता येत नाही. या तिसऱ्या पाळीसाठी परवडणारं अवजार लहान शेतकऱ्याच्या हाती द्यायला हवं. संशोधन केंद्रांनी ते काम नेटानं, शेतकऱ्याच्या अख्ख्या रानात चालवून बघत करावं.