अतिसराव

अतिसराव ही व्यायामाचा ताण आणि विश्रांती यांचा मेळ दीर्घकाळ बिघडल्याने उद्भवणारी अवस्था आहे. कठोर सरावाचा नेहमीचा थकवा काही दिवसांत ओसरतो. अतिसरावात मात्र विश्रांती घेऊनही कामगिरी कित्येक आठवडे किंवा महिने घसरलेलीच राहते.

झोपमोड, चिडचिड, भूक मंदावणे आणि सकाळच्या नाडीच्या ठोक्यांत पडलेला फरक ही त्याची काही लक्षणे होत. निदानासाठी एकच अशी निर्णायक चाचणी नाही. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, जंतुसंसर्ग व अपुरा आहार ही कारणे आधी वगळावी लागतात.

सातारा व सांगली जिल्ह्यांत हा विषय प्रामुख्याने कुस्ती आणि धावणे यांच्याशी निगडित आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदक विजेते खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर हिंदकेसरी मारुती माने सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. तालमीत पहाटे व सायंकाळी जोर, बैठका आणि लढती होतात. खुराकाला मिळणारे महत्त्व झोपेला मिळतेच असे नाही.

साताऱ्यात यवतेश्वर घाटातून दरवर्षी २१.१ किलोमीटरची हिल हाफ मॅरेथॉन होते. घाट उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून चढापेक्षा उतारानंतर अंग अधिक दुखते. ही वेदना एक ते तीन दिवसांत तीव्र होऊन शमते व तिला अतिसराव म्हणत नाहीत. लघवी गडद तपकिरी झाल्यास मात्र स्नायूपेशींचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडांना धोका संभवतो. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

अतिसरावावर औषध नाही. सराव थांबवणे किंवा बराच कमी करणे, पुरेशी झोप व आहार आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने पुनरारंभ हाच उपचार आहे.