रॅम : गेमिंग संगणकासाठी क्षमतेची निवड

सुटे भाग विकत घेऊन घरी जोडलेल्या गेमिंग संगणकात खेळाची आज्ञावली, नकाशे, पात्रे, ध्वनी आणि प्रोसेसरला पुढच्या क्षणी लागणारी इतर माहिती ज्या तात्पुरत्या स्मृतीत उतरवून ठेवली जाते, तिला रॅम म्हणतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हा माहितीचा कायमचा साठा असतो. रॅममधील माहिती मात्र वीज बंद होताच नाहीशी होते. रॅमची क्षमता जीबी, म्हणजे गिगाबाइट, या एककात मोजतात आणि घरगुती संगणकांत ती बहुधा ८ ते ६४ जीबींच्या दरम्यान असते. यांपैकी नेमकी किती घ्यावी, या प्रश्नाला ‘जितकी जास्त तितकी चांगली’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड अधिक ताकदीचे घेतले, की खेळाचा वेग थोडाफार वाढतच जातो. रॅमच्या क्षमतेचे तसे नसते. खेळाची गरज भागेपर्यंत प्रत्येक जीबीला मोल असते आणि ती भागल्यानंतर घातलेली रॅम खेळाच्या दृष्टीने पडून राहते.

याचे कारण रॅम आणि कायमचा साठा यांच्या वेगांतील तफावतीत आहे. आजच्या रॅमची मूळ रचना आयबीएम कंपनीतील अभियंता रॉबर्ट डेनार्ड यांची असून तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. या रचनेत एक ट्रान्झिस्टर आणि विद्युत्भार साठवणारे एक सूक्ष्म धारित्र यांच्या जोडीत माहितीचा एक बिट राहतो. भार सतत झिरपत असल्यामुळे तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून काढावा लागतो. ही उठाठेव सांभाळूनही रॅममधील माहिती प्रोसेसरच्या हाती सुमारे १०० नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात पडते. एसएसडीला त्याच कामासाठी शंभर मायक्रोसेकंदांच्या आसपास, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे पहिली रॅमपेक्षा हजारपट आणि दुसरी लाखपट संथ ठरते. सेकंदाला ६० चित्रचौकटी दाखवणाऱ्या खेळात एका चौकटीच्या वाट्याला फक्त १६.७ मिलिसेकंद येतात. रॅम अपुरी पडली, की विंडोजसारखी कार्यप्रणाली कमी वापरातील माहिती आधी दाबून लहान करते आणि तरीही जागा पुरली नाही तर ती डिस्कवरील ‘पेज फाइल’ नावाच्या राखीव जागेत हलवते. ती माहिती पुन्हा लागली, की हार्ड डिस्ककडची एकच फेरी एका चौकटीचा निम्म्याहून अधिक वेळ खाऊन टाकते. एसएसडीवर एका फेरीचे विशेष काही वाटत नाही, पण अशा शेकडो फेऱ्या एकामागून एक झाल्या, की तिथेही चित्र गोठते.

म्हणूनच रॅमचा तुटवडा सरासरी वेगाच्या आकड्यात सहसा दिसत नाही. सेकंदाला ८० चौकटींची सरासरी राखणारा संगणकही नव्या भागात शिरताना किंवा गाडी वेगाने वळवताना क्षणभर अडखळू शकतो. जाणकार चाचणीकार त्यामुळे सरासरीबरोबरच सर्वांत संथ एक टक्का चौकटींचा वेग स्वतंत्रपणे मोजतात, आणि रॅमची पारख करताना तोच आकडा अधिक बोलका ठरतो.

खेळांची भूक कशी वाढत गेली, याचा माग काढायचा तर गेम कन्सोलकडे पाहावे लागते, कारण मोठ्या खर्चाचे बहुतेक खेळ कन्सोल आणि संगणक या दोन्हींसाठी एकत्रच रचले जातात. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ एमबी मुख्य स्मृती आणि चित्रांसाठी वेगळी २५६ एमबी एवढीच तरतूद होती. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ जीबी, तर २०२० च्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या दोन्हींत १६ जीबी सामाईक स्मृती आली. संगणकाच्या बाजूनेही एक अडसर होता. ३२ बिटांच्या पत्त्यांनी ४ जीबींपलीकडची स्मृती दाखवता येत नाही आणि ३२ बिट विंडोजमध्ये एका आज्ञावलीला सामान्यतः २ जीबीच वापरता येत असत. ६४ बिट प्रणाली रूढ झाल्यावर हा अडसर गेला आणि खेळ रचणाऱ्यांनी मोकळ्या झालेल्या जागेचा भरपूर फायदा घेतला. सायबरपंक २०७७ हा खेळ २०२० मध्ये आला तेव्हा त्याची किमान अट ८ जीबी होती, ती २०२३ मध्ये १२ जीबी करण्यात आली. त्याच वर्षीच्या स्टारफील्डने किमान अटच १६ जीबी ठेवली. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ ची किमान अट १६, शिफारस ३२ आणि आदर्श क्षमता ६४ जीबी आहे. सगळ्या पृथ्वीचे भूदृश्य उड्डाण चालू असतानाच उतरवून घेणाऱ्या या खेळाची मागणी इतरांना लावणे मात्र योग्य नाही. दुसऱ्या टोकाला भारतात फार लोकप्रिय असलेला व्हॅलोरंट ४ जीबींची, तर काउंटर-स्ट्राइक २ हा ८ जीबींची किमान अट घालतो.

अशा अटी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या एकट्या खेळासाठी नसून संपूर्ण संगणकासाठी लिहिलेल्या असतात, पण खेळणाऱ्याने शेजारी आणखी काय चालू ठेवले आहे हे त्यांत गृहीत धरलेले नसते. विंडोज ११ आणि तिच्या पार्श्वभूमीतील सेवाच सुरुवातीला काही जीबी व्यापतात. त्यावर दहा-पंधरा टॅब उघडलेला ब्राउझर, मित्रांशी बोलण्यासाठी डिस्कॉर्ड आणि खेळ विकत देणाऱ्या दुकानांचे लाँचर येतात. खेळाचे थेट प्रक्षेपण करणाऱ्याला किंवा खेळात बाहेरची भर, म्हणजे मॉड, घालणाऱ्याला याहून अधिक जागा लागते. हा सगळा हिशेब धरला तर ८ जीबी ही क्षमता आज फक्त जुन्या व हलक्या खेळांपुरती उरली आहे. १६ जीबी ही नव्या जोडणीची खालची मर्यादा मानावी, आणि संगणक चार-पाच वर्षे वापरायचा असेल तर ३२ जीबी हा सर्वांत समंजस आकडा ठरतो. ६४ जीबींचा खर्च उड्डाणाचे किंवा प्रचंड शहरे वसवण्याचे खेळ, चित्रफितींचे संपादन, त्रिमिती प्रतिमानिर्मिती अशा कामांसाठीच समर्थनीय आहे. केवळ क्रिकेट, फुटबॉल आणि नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने त्यातले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवलेले बरे.

चालू संगणकावर गरज मोजताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमधील आकडे नेहमीच गोंधळात टाकतात. १६ जीबीच्या संगणकात ११ जीबी वापरात दिसणारा खेळ ३२ जीबीच्या संगणकात १५ जीबी व्यापतो, आणि त्यावरून आधीची रॅम अपुरी होती असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक जागा मोकळी दिसली, की खेळ पुढे लागू शकणारी माहिती आगाऊ भरून ठेवतो आणि कार्यप्रणालीही पूर्वी वाचलेल्या फाइली रॅममध्ये राहू देते. गरज पडताच ही जागा रिकामी करता येते. त्यामुळे व्यापलेली जागा म्हणजे गरज नव्हे. तुटवड्याची खरी खूण म्हणजे खेळ चालू असताना डिस्कवर सतत होणारी ये-जा आणि तिच्याच वेळी जाणवणारे अडखळणे.

ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतंत्र स्मृती असते आणि तिची उणीव मुख्य रॅम वाढवून भरून निघत नाही. कार्डावरील स्मृती ओसंडली, की पृष्ठचित्रे पीसीआय एक्सप्रेस मार्गाने मुख्य रॅममधून आणावी लागतात, आणि या मार्गाच्या चौथ्या पिढीत १६ पदरी जोडणीची धाव एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबी एवढीच असते. कार्डाची स्वतःची स्मृती त्याच्या कित्येक पट वेगवान असते. याउलट वेगळे कार्ड न घेता प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर खेळायचे असेल, तर चित्रांसाठीही मुख्य रॅमच वापरली जाते. तिथे १६ जीबींतले २-३ जीबी आधीच वजा धरावेत.

क्षमता ठरल्यावर ती किती पट्ट्यांत घ्यावी हा प्रश्न येतो, आणि घरी संगणक जोडणारे सर्वाधिक फसतात ते इथेच. सर्वसाधारण मदरबोर्डावर प्रोसेसर व रॅम यांच्यात ६४ बिटांचे दोन मार्ग असतात. एकच पट्टी बसवली तर एक मार्ग बंद राहतो. डीडीआर४-३२०० प्रकारच्या एका पट्टीची धाव सेकंदाला २५.६ जीबी, तर दोन पट्ट्यांची मिळून ५१.२ जीबी होते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे डीडीआर४ मध्ये हिताचे असते, आणि अंगभूत ग्राफिक्स असेल तर हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. चार खाचांच्या मदरबोर्डावर या दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. डीडीआर४ नंतरच्या डीडीआर५ या पिढीत चारही खाचा भरणे मात्र महागात पडते : एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी ५२०० चा अधिकृत वेग चार पट्ट्यांसाठी ३६०० वर उतरतो. त्यामुळे ‘आता दोन, पुढे आणखी दोन’ हा जुना बेत या पिढीत फारसा उपयोगी नाही, आणि १६ जीबीच्या दोन पट्ट्या सुरुवातीलाच घेणे श्रेयस्कर ठरते. २०२३ पासून २४ जीबीच्या पट्ट्याही मिळू लागल्याने ४८ जीबी असा मधला पर्यायही आहे.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी पट्टीच्या कडेवरील खाचेची जागा वेगळी असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. एएमडीच्या एएम५ मदरबोर्डांवर फक्त डीडीआर५ चालते. पट्टीवर छापलेला वेगही आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ मांडणीत, इंटेलच्या संगणकावर एक्सएमपी किंवा एएमडीच्या संगणकावर एक्स्पो ही सोय चालू करावी लागते. ती विसरल्यामुळे महागडी रॅम वर्षानुवर्षे मंद वेगाने चालणारे संगणक कमी नाहीत.

रॅमच्या किमतीचा हिशेब मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ठरत नाही. जगातील बहुतांश रॅम चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि त्यांचे उत्पादन वळले की भाव वळतात. २०२३ मध्ये रॅम विलक्षण स्वस्त झाली होती. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा केंद्रांची मागणी वाढल्याने भाव झपाट्याने चढले. अशा काळात ३२ जीबींचा आग्रह सोडून १६ जीबींवर भागवणे आणि खर्च ग्राफिक्स कार्डावर राखणे हाही रास्त निर्णय ठरतो. मात्र पुढे क्षमता वाढवताना वेगळ्या कंपनीची सुटी पट्टी जुनीत मिसळण्यापेक्षा जुनी जोडी विकून एकाच डब्यातील नवी जोडी घ्यावी. जोडणी झाल्यावर मेमटेस्ट८६ सारख्या आज्ञावलीने रॅमची पूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण सदोष पट्टीमुळे मध्येच बंद पडणारा खेळ बाहेरून पाहता खेळातील किंवा ग्राफिक्स कार्डातील बिघाडासारखाच दिसतो.